उकळून शिसं जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाड्यांतल्या शिशाच्या नळ्यांवर कालच्या अंकात आलेला लेख वाचला. विषय काढल्याबद्दल लेखकाचे आभार. पण नळी बदलणं जमत नसेल तर तोवर पाणी उकळून, गाळून प्यावं, असं शेवटी सुचवलं आहे. हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्या घरात तान्हं मूल आहे तिथे तो घातक आहे. उकळल्यावर जंतू मरतात. शिसं हा धातू, तो कुठेही जात नाही. पाण्याची वाफ होते, पाणी आटतं आणि शिसं होतं तेवढंच पातेल्यात राहतं. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. विरघळलेलं शिसं फडक्यातही अडकत नाही.

हे मी इतक्या तळमळीने लिहिते आहे, कारण सव्वा वर्ष माझ्या नातीच्या दुधाचं पाणी मी स्वतःच्या हातांनी उकळत होते. चांगलं दहा-पंधरा मिनिटं. पाणी जितकं जास्त उकळेल तितकं चांगलं, अशी माझी समजूत होती.

आमचा वाडा सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा. रस्त्यापासून दिंडीदरवाजाखालून चौकापर्यंत आलेली नळी शिशाची आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंची शिस्त अशी की पहाटे नळ आला की पहिलं पाणी देवाचं, दुसरं पिण्याच्या हंड्याचं, मग बाकी सगळं. सांडायचं, भांडी घासायचं पाणी शेवटी. त्यांच्यामागे मीही ती शिस्त पाळली. त्यामागची भावना चांगलीच होती. पण शिशाच्या नळीत रात्रभर, आणि आपल्याकडे तर आदल्या पाण्यापासून जवळजवळ दिवसभर साचून राहिलेलं पाणीच सगळ्यात वाईट. तेच आम्ही रोज निवडून हंड्यात भरत होतो.

त्यात आपलं कास तलावाचं पाणी. त्याच्या गोडीचं, त्यात डाळ कशी लवकर शिजते याचं कौतुक सातारकरांना असतं आणि ते रास्तही आहे. जांभ्या दगडाच्या पठारावर पडलेल्या पावसाचं ते पाणी, त्यात क्षार कमी. विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं वाहिलं की नळीला आतून क्षारांचा थर बसतो आणि शिसं थोडंफार झाकलं जातं. मृदू पाण्याचा तसा थर बसत नाही, उलट ते शिसं जास्त विरघळवतं. यात कासच्या पाण्याचा काही दोष नाही, दोष आमच्या नळीचा. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. शिशाला लॅटिनमध्ये प्लंबम म्हणतात आणि प्लंबर हा शब्द त्यावरूनच आला, हे फळ्यावर लिहून दिलं. स्वतःच्या उंबऱ्याखाली काय पुरलंय ते मात्र कधी खरवडून पाहिलं नाही, याची मला आज लाज वाटते.

गेल्या वर्षी स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा मिस्त्रीने चौकापासून आतली लाइन नवी टाकली. बाहेरचा साधारण पंधरा फुटांचा तुकडा तसाच ठेवला. फरशी उखडावी लागेल, शिवाय रस्ता खोदायची परवानगी काढावी लागेल. "काकू, जुना माल आहे, तुमच्या नातवंडांना पुरेल," असं म्हणाला. हॅकसॉने जुनी नळी कापली, पितळी सॉकेट बसवलं आणि पैसे घेऊन गेला. माझी खरी तक्रार इथे आहे आणि आपल्या लेखात तिच्याबद्दल चकार शब्द नाही. अर्धी नळी बदलणं म्हणजे अर्धं काम झालं असं नव्हे. कापताना आणि ठोकताना आतला जुना पापुद्रा सुटतो आणि त्याचे कण पुढे काही महिने पाण्यातून येत राहतात. शिशाला दुसरा धातू जोडला की सांध्यापाशी ते आणखी झिजतं. म्हणजे खर्च करून आम्ही पाणी बिघडवलं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत बाळाचं वरचं दूध सुरू झालं होतं.

शंका आली तीसुद्धा योगायोगाने. भाच्याने दिंडीपाशी उघड्या राहिलेल्या नळीवर नाणं घासलं तर खाली चांदीसारखी चकाकी. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळीला ते चिकटतं. सांध्याची गाठही कांद्यासारखी फुगलेली. मग दोन बाटल्या तपासायला दिल्या, एक पहाटेच्या पहिल्या धारेची आणि एक पाच मिनिटं नळ सोडून भरलेली. 'शिसं तपासा' असं मुद्दाम सांगावं लागलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. पहिली बाटली त्याच्या कितीतरी वर होती, दुसरी पहिलीपेक्षा बरीच खाली, पण मर्यादेत तीही नव्हती. त्या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जिभेला काहीच कळलं नसतं.

नातीचं रक्त तपासलं. आकडा इथे लिहीत नाही. तो आता उतरतो आहे, तपासण्या सुरू आहेत. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं लहान मुलाच्या अंगात शोषलं जातं, ते हाडांत साठतं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. निर्धोक म्हणावं असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टर हे समजावत होते तेव्हा सून माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी फेरूलपासून, म्हणजे रस्त्यातल्या मुख्य नळाला आमची नळी जोडली आहे तिथपासून, स्वयंपाकघरापर्यंत सगळी लाइन नवी केली. फरशी उखडली, परवानगीसाठी चार हेलपाटे घातले. दोन दिवसांचं काम होतं. सव्वा वर्षापूर्वीही दोनच दिवसांचं होतं. नवी नळी घेतानाही आयएसआयचा शिक्का बघून घ्यावी, कारण पीव्हीसीत शिशाचं स्थिरक, म्हणजे प्लॅस्टिक टिकावं म्हणून घालायचं शिशाचं संयुग, वापरलं जातं. त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम केले आहेत. नुसत्या यूव्हीच्या मशीनवर विसंबू नये, त्याने जंतू मरतात, शिसं तसंच राहतं. आरओने ते निघतं. लाइन बदलेपर्यंत सकाळचं पहिलं पाणी झाडांनाही न घालता सोडून द्यावं आणि पिण्याचं शेवटी भरावं.

आणखी एक. उखडलेली नळी मिस्त्रीच्या माणसाने भंगारात मागितली. काय करणार म्हणून विचारलं तर चुलीवर वितळवून मासे धरायच्या जाळ्यांची वजनं ओततात म्हणे, घराच्या अंगणात, पोराबाळांसमोर. मी दिली नाही. पेट्रोलमधलं शिसं देशभरात २००० साली बंद झालं, घराच्या रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली, आणि अंगणातल्या या चुलीबद्दल कुणी बोलत नाही. आपल्या वार्ताहरांनी यावर जरूर लिहावं.

उकळण्याबद्दलचा खुलासा लेख आला त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक टायपात छापावा, ही नम्र विनंती. मागे माझ्या एका पत्राचा शेवटचा भाग जागेअभावी कापला गेला होता आणि मुद्दा नेमका त्यातच होता. या वेळी जागा कमी पडली तर आमच्या वाड्याची हकिगत काढून टाका, पण उकळण्याचं आणि अर्ध्या नळीचं ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा