पाहुणचाराच्या कामाविषयी आई-बाबांना

पुणे

प्रिय आई व बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, दोघांच्या नोकऱ्या सांभाळून आम्ही रविवारी इतकी माणसे जेवायला कशी बोलावतो, आणि मागून आईचा आवाज आला, "पण करतं कोण?" तुमच्या प्रश्नाचे उत्तर आईच्या प्रश्नात दडलेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

येणारी बहुतेक मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आहेत. लातूर, जालना, नांदेड अशा ठिकाणांहून आलेली ही मुले सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतात, आणि रविवारी संध्याकाळी त्यांची मेस बंद असते. काही आपल्या चर्चच्या मंडळीतली आहेत, काही त्यांच्या खोलीतले सोबती म्हणून येऊ लागली. जेवणाआधी आम्ही नेहमीप्रमाणे प्रार्थना करतो; ज्याला डोळे मिटायचे तो मिटतो, बाकीचे शांत बसतात, आणि त्यावरून कोणाला काही विचारले जात नाही. जेवण देऊन त्याबदल्यात उपदेश ऐकायला लावणे मला पटत नाही. जे परत बोलावू शकतील अशांना नव्हे, तर ज्यांना फेड करता येणार नाही अशांना जेवायला बोलवा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि आमच्या सोसायटीत वास्तुशांतीपासून वाढदिवसापर्यंत प्रत्येक आमंत्रणाची परतफेड ठरलेली असताना हे वचन मला रोज नव्याने कळते.

त्या दिवशी आम्ही मटण किंवा कोंबडी करत नाही. पिठले-भाकरी, मसालेभात, एखादी उसळ एवढेच असते, म्हणजे कोणालाही आपल्या घरची रीत सांगून ताट बाजूला सारावे लागत नाही. याच पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा खटला, झाले होते. दुसऱ्याच्या घरी घोटभर चहा घेण्याला या शहराने केवढी किंमत लावली होती हे लक्षात ठेवले, तर आपल्याकडे कोणी निःशंकपणे जेवतो याचे मोल कळते.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. बायबलमध्ये प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा असे लिहिले आहे, आणि मला वाटते, घरात कोणाला कुरकुर करण्याची वेळ येते हे त्याने पाहिले असणार. बाबा, उपासनेनंतर तुम्ही पाळकसाहेबांना, गावाकडून आलेल्यांना, कधी अगदी अनोळखी माणसालाही घरी घेऊन यायचात; तुमच्या पगारात ते सोपे नव्हते, आणि त्या उदारपणामुळेच आज आमचे दार उघडे आहे. परंतु आई शेवटी जेवायची, तेही उरलेले, आणि ते आपल्यापैकी कोणालाच खटकत नव्हते. काळच तसा होता. पवित्र शास्त्र मात्र वेगळे चित्र दाखवते. मम्रे येथे तिघे पाहुणे आले तेव्हा ९९ वर्षांचा अब्राहाम पत्नी साराला पीठ मळायला सांगून बसून राहिला नाही; तो स्वतः गुरांकडे धावत गेला, वासरू निवडले, आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहिला. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकिनारी तर खुद्द प्रभूनेच निखाऱ्यांवर मासळी आणि भाकरी तयार ठेवून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले. प्रभू घरी आला असता त्याच्या सरबराईत गुंतलेल्या मार्थेलाही त्याने काम कमी प्रतीचे आहे असे सांगितले नाही, असे माझे मत आहे. पुष्कळ गोष्टींची दगदग एकटीने वाहणाऱ्या बाईला त्याने दोनदा नावाने हाक मारली, यात मला माया दिसते.

म्हणून आमच्या घरी ज्याने बोलावले त्याने आधी ओट्याशी उभे राहायचे असे ठरले आहे. तुमचे जावई कणीक मळतात आणि उसळीला फोडणी देतात, भाकऱ्या मी थापते, मुले ताटे मांडतात, आणि जेवण झाले की विद्यार्थी आपापली ताटे घासतात. पाहुण्याला काम सांगणे आईला रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली-बायकांना आसरा दिला, तेव्हा त्यांच्या हाती शेती, विणकाम, पुढे छापखानाही दिला. ज्याला घरातल्या कामाला हात लावू दिला जातो, त्याचा संकोच लवकर जातो.

सर्वांत कठोर नियम भांड्यांचा आहे. रविवारची भांडी सोमवारी सकाळी येणाऱ्या मावशींसाठी ठेवायची नाहीत, कारण आमच्या औदार्याचे ओझे, विशेषतः ज्यांना जेवायलाही बोलावले नव्हते, त्यांच्यावर टाकणे हा पाहुणचार नव्हे. मावशींचा चहा आमच्याच कपात होतो आणि त्या तो टेबलाशी बसून घेतात. आरंभी त्या जमिनीवर बसायच्या. खुर्ची ओढून देण्यापलीकडे आम्ही त्याचा कधी गाजावाजा केला नाही.

आई, दोन खोल्यांत आपली अडचण होईल असे तू म्हणालीस. शास्त्रातल्या शूनेमच्या बाईने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवरच्या खोलीत पलंग, मेज, आसन आणि दिवा एवढेच ठेवले होते, आणि आमच्या आतल्या खोलीत हे सारे आहे. पावसाळा सरला की या. बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांनी बसून लसूण सोलावा आणि मुलांना इतिहासाचे प्रश्न विचारावेत. तू मात्र पहिल्या पंगतीला बसायचेस. दिवस ठरला की कळवा, नगरहून येणाऱ्या गाडीवर तुम्हाला उतरवून घ्यायला हे वाघोलीला येतील.

तुमची लेक