गुलमर्गच्या स्की सहलीत शिकवणीही नाही आणि जेवणही नाही

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग
दि. ९ मार्च, वडोदरा

विषय: लिहून दिलेली स्कीची शिकवणी व दुपारचं गरम जेवण न मिळाल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

फेब्रुवारीत तुमच्या अलकापुरीच्या ऑफिसातून आम्ही चौघांनी, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी, गुलमर्गची पाच रात्रींची सहल घेतली. पैसे भरताना मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारल्या होत्या: मुलीला नीट शिकवतील ना, आणि दुपारी गरम शाकाहारी जेवण मिळेल ना. तुमच्या माणसाने पावतीमागे स्वतःच्या हाताने लिहून दिलं: "रोज २ तास शिकवणी, एका प्रशिक्षकाकडे ४ जण, दुपारी गरम जेवण." प्रत सोबत जोडली आहे.

पहिल्या दिवशी एका प्रशिक्षकाकडे १३ जण होते. दोन तासांत मुलीच्या वाट्याला तीन फेऱ्या आल्या. पाठीला धरून खाली सोडायचं आणि पुढच्याकडे वळायचं, एवढीच ती शिकवणी. थांबायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं, यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रशिक्षक तिला गंडोलाने, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्याने, वरच्या कोंगदूरी या थांब्यावर घेऊन गेला. गुलमर्ग आधीच सुमारे २,६५० मीटरवर आहे, आणि गंडोलाचा पहिला टप्पा आणखी चारेकशे मीटर वर नेतो. जिला सपाटीवर थांबता येत नाही तिला तिथल्या उतारावर उभं केलं! ती सुटली ती बाजूच्या भुसभुशीत बर्फात तोंडघशी पडली. पाय पिरगाळला तरी स्की बुटापासून सुटली नाही. हाड मोडलं नाही हे आमचं नशीब. रात्री पांघरुणातून म्हणाली, "आई, मला नाही करायचं आता." वर्षभर ती या सहलीचे दिवस मोजत होती हो.

जेवणाचं म्हणाल, तर सकाळी साडेआठला हॉटेलातून चांदीच्या कागदात चार पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी हातात ठेवायचे. एक वाजेपर्यंत त्या पुऱ्या थंडीने वातड व्हायच्या. सासूबाईंना कवळी आहे, त्यांना घास तुटेना. त्या दोन दिवस बिस्किटांवर राहिल्या. तुम्हाला फोन केला तर उत्तर आलं, "डबा दिला ना, मग जेवण दिलंच." अशा थंडीत सकाळभर बर्फात धडपडलेल्या मुलाच्या पोटात गरम काही गेलं नाही, तर दुपारी त्याचे पाय लटपटतात आणि ते जास्त पडतं. आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच्या पैशाने दुसरा प्रशिक्षक शोधला. त्याने आधी मुलीचं वजन विचारलं आणि स्क्रूड्रायव्हरने स्कीची पकड त्याप्रमाणे सैल केली, म्हणजे पडल्यावर स्की सुटेल. तुमच्या प्रशिक्षकाने वजन विचारलंच नव्हतं. मग बूट काढून बघितलं, तर आत एकावर एक दोन मोजे. एक काढायला लावला, कारण घडी पडली की पाय आत सरकतो. बकलं आवळून नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकते का ते हात घालून तपासलं. गोल्फ कोर्सच्या हलक्या उतारावर स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, एवढं एकच करून घेतलं. चाळीस मिनिटांत ती आपली आपण थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. दुपारी त्यानेच सांगितलेल्या छोट्या खानावळीत बुखारीशेजारी (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीशेजारी) बसून राजमा-भात खाल्ला, वर कहवा. सासूबाई दोनदा भात मागून जेवल्या.

म्हणजे गुलमर्गमध्ये चांगलं शिकवणारेही आहेत आणि गरम जेवणही आहे. स्की शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा तिथेच आहे. तुम्ही शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

माझी मागणी: चौघांच्या शिकवणीचे आणि जेवणाचे पैसे परत करा, शिवाय आम्ही पदरचे घातलेले ९,८०० रुपये द्या (बिलं सोबत आहेत). आणि थांबायला न शिकलेल्या कुणालाही गंडोलाने वर नेणार नाही, हे लेखी कळवा.

तीन ईमेलना "संबंधित विभागाकडे पाठवलं आहे" एवढंच उत्तर आलं. १५ दिवसांत रक्कम मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. या कायद्यात ग्राहक राहतो तिथेच दाद मागता येते, तेव्हा "ऑपरेटर श्रीनगरचा आहे" हे कारण सांगू नये. पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करावेत.

कळावे,
आपली एक ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा