योकाई म्हणजे भूत नव्हे

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील जपानी मांगावरील (कॉमिक्सवरील) लेख वाचला. ‘कामिसामा किस’चा उल्लेख आला याचा आनंद झाला, पण ‘भुताशी प्रेमकथा’ ही ओळख पटली नाही. ज्युलिएट्टा सुझुकी यांच्या या मांगातला नायक तोमोए हा भूत नाही, योकाई म्हणजे जपानी लोककथांतला मायावी जीव आहे. मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा वेगळा आणि जन्मजात कोल्ह्याच्या जातीचा, शेकडो वर्षे जगणारा मायावी वेगळा. शिवाय हा कोल्हा देवळाचा सेवेकरी. वडील जुगारात कर्ज करून पळालेले, घर गेलेले, अशी नायिका नानामी बागेतल्या बाकावर बसते, कुत्र्याला घाबरलेल्या एका माणसाला वाचवते. तो कपाळाचं चुंबन घेतो आणि तिला त्याच देवळाची भूमिदेवता करून मोकळा! तोमोए तिला आधी अजिबात जुमानत नाही, हे तर फारच खरं वाटतं.

२००८ ते २०१६ या काळात ‘हाना तो युमे’ या पाक्षिकातून आलेली ही कथा २५ खंडांची आहे. त्यावरचा अॅनिमे (ॲनिमेशन मालिका) मात्र २०१२ला १३ भाग आणि २०१५ला १२ भाग, एवढ्यावर आटोपला. तोमोएच्या भूतकाळाचा भाग नंतर स्वतंत्र ओव्हीएत, म्हणजे थेट डीव्हीडीवर निघालेल्या भागांत आला. तेव्हा केवळ अॅनिमे पाहून ‘गोष्ट अर्धवट सोडली’ असा ठपका लेखिकेवर ठेवणं बरोबर नाही. मांगात शेवट आहे, आणि तो चांगला जमलाय.

– एक वाचक, ठाणे