नावाचा रकाना कोरा ठेवता येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी हल्लीच्या मुलांच्या नावांची यथेच्छ टर उडवली होती. वाचून हसले. पण नाव ठेवणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे असते. मी नुकतीच त्यातून गेलेली आत्या आहे, म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला श्रावणात मुलगा झाला. भावजय नडियादची गुजराती. आत्याने नाव ठेवायचे ही रीत दोन्हीकडे आहे, तिथे तिला फोई म्हणतात एवढाच फरक. त्यामुळे दोन्ही घरांनी एकमुखाने मला अधिकार दिला आणि लगेच यादीही हातात दिली.

नडियादच्या बांचे म्हणणे, अक्षर राशीचेच हवे. बाळाची रास कन्या, म्हणजे प, ठ, ण. आपल्याकडे नावरसाचे नाव पत्रिकेत राहते आणि हाक मारायला वेगळे चालते. गुजरातेत पुष्कळ लोक राशीच्या अक्षरावरूनच खरे नाव ठेवतात. नक्षत्र हस्त, पहिले चरण, अक्षर 'पू'. तिसरे चरण असते तर 'ण' आला असता. 'ण'वरून मुलाचे नाव शोधून दाखवणाऱ्याला मी बडोद्यात मांडवीपासून सूरसागरपर्यंत पेढे वाटत गेले असते.

माझ्या वडिलांना ज्ञानेश हवे होते. बांनी ते प्रेमाने म्हणून पाहिले आणि झाले ग्नानेश. त्यात त्यांची काही चूक नाही, 'ज्ञ' आपल्याकडे द्न्य होतो, त्यांच्याकडे ग्न आणि हिंदीवाल्यांकडे ग्य. इंग्रजी स्पेलिंग 'डी'ने सुरू करायचे की 'जी'ने, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. 'ऋ'चे मात्र भांडण नाही. तिथे मराठी आणि गुजराती दोघेही 'रु'च म्हणतात, आणि अमृतचे अमृत असे नीट होते.

आईने पणजोबांचे नाव सुचवून पाहिले. नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत आमच्याकडे होतीच. माझे आजोबा विनायक, ते त्यांच्या आजोबांवरून. पण घरातल्या सुनेला सासऱ्याचे नाव घेता येईना, आजीला नवऱ्याचे घेता येईना, म्हणून पोराला सगळे बापू म्हणू लागले. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी विनायक म्हणून पुकारले तर हा पठ्ठ्या शेजारच्या मुलाकडे बघत बसला होता, असे ते स्वतःच सांगत. आईचेही तसेच. माहेरचे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने पुसले गेले. तिला जुन्या नावाने हाक मारणारी एकच मावशी आता उरली आहे.

आणि आपले बडोदे तर नाव बदललेल्या मुलाचेच गाव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव 1875 च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंना दत्तक आला आणि बाराव्या वर्षी महाराजा सयाजीराव झाला. आज बाग, विद्यापीठ, सगळे त्या दुसऱ्या नावाने आहे. पहिले नाव रस्त्यावर कुणाला विचारले तर दहातले दोन सांगतील की नाही, शंका आहे. तेव्हा नाव बदलले म्हणून आभाळ कोसळत नाही हे मलाही कळते.

माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही इकडे प-ठ-ण करत होतो आणि तिकडे तिसऱ्या दिवशी, घरी सोडण्याच्या वेळी, दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसाने भावापुढे जन्मनोंदणीचा फॉर्म सरकवला. "नाव लिहा, नाहीतर दाखला अडकेल." दोन रात्रींची झोप नसलेल्या बापाने मोबाईल उघडला आणि पहिल्या पानावर होते ते लिहिले: रेयांश. कुणा मित्राने आकडा जुळतो म्हटले म्हणून इंग्रजीत एक जादा 'ए'सुद्धा घातला. अर्थ काय, तर सूर्यकिरणाचा अंश. मी संस्कृत शिकवते. किरणाला इंग्रजीत 'रे' म्हणतात, यापलीकडे मला त्याचा काही पुरावा सापडला नाही.

संपादक महाशय, दाखला अडकत नाही. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात बाळाची नोंद नावाशिवाय करता येते. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, नावाची नाही. नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतरही विलंबशुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. हे त्या खिडकीवर एका ओळीत लिहून लावायला काय हरकत होती? पूर्वी निदान घरी वेगळे, शाळेत वेगळे असे निभावून जाई. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून चालणार आहे. भाऊ नंतर चौकशीला गेला तेव्हा त्याला सांगितले, चूक सुधारणे वेगळे आणि नाव बदलणे वेगळे. रेयांशमध्ये चूक कुठली दाखवणार? जादा 'ए' फार तर निघेल.

छठ्ठीच्या रात्री बांनी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवले, विधाता येऊन लिहील म्हणून. आमच्या आईने तेच सटवाईसाठी केले. दोघींनी एकाच कागदावर भागवले.

बाराव्या दिवशी बारसे झाले. खंडेराव मार्केटातून झेंडू आणला, पाळणा सजवला, हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरवले. मग भावजयीच्या मावसबहिणींनी झोळीची चार टोके धरली, पिंपळाची पाने ठेवली आणि 'ओळी झोळी पीपळ पान, फोईए पाड्युं' इथपर्यंत येऊन माझ्याकडे पाहू लागल्या. मी वाकून कुर्र केले, पाठीत बायकांचे धपाटे बसले, आणि म्हटले: पुष्कर. 'पु' आहे म्हणून बा खूश, ज्ञ नाही म्हणून स्पेलिंगचे भांडण नाही, आणि शब्दाला अर्थ आहे म्हणून मी खूश. कमळ, तळे, आकाश, काय हवे ते घ्या.

पण दप्तरी तो रेयांशच आहे, दोन 'ए'चा. भाऊ आता म्हणतो, "ताई, राहू दे ना दोन्ही." राहील, काय करणार.

चुलत भावाकडे पौषात बाळ येणार आहे. त्याला मी आत्ताच सांगून ठेवले आहे की फॉर्म आला की नावाच्या रकान्यावर पेन टेकवायचे नाही आणि आधी मला फोन करायचा. आपण ही माहिती ठळक छापलीत तर माझा एक फोन वाचेल.

आपली,
एक आत्या (फोई),
दांडिया बाजार, बडोदे