खालच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. शिवाय माझ्याबद्दल जे बोललं गेलं तेही चारचौघांतच बोललं गेलं होतं.

आत्याला माझ्या टी-शर्टवरच्या कवट्या अशुभ वाटायच्या. मी ऐकते ते हेवी मेटल संगीत बाबांना म्हणजे नुसता आरडाओरडा. कॉलेजात जी थोडी मुलं हे ऐकायची, ती "पाच बँडची नावं सांग बघू" म्हणून माझी परीक्षा घ्यायची. एका मुलीला हे मनापासून आवडत असेल, यावर कुणाचा विश्वासच नव्हता. मला मात्र त्या संगीतातून धीर मिळायचा, अजूनही मिळतो.

मी ड्रम शिकायला सेकंडहँड डबल पेडल (दोन्ही पायांनी ड्रम वाजवायचं) आणि सरावाचे पॅड घेतले तेव्हा सोसायटीच्या वहीत तक्रार गेली. तीही बाजूच्या विंगमधून! खरा दणका तुमच्या डोक्यावर बसत होता. तुम्ही वर आलात तेव्हा आई माफी मागायच्या तयारीतच होती. तुम्ही खाली बसलात, फरशीवर तळवा टेकवलात आणि मला म्हणालात, "वाजव."

मग बाबांना समजावलंत की हा आवाज हवेतून येत नाही, पायाचा हादरा स्लॅबमधून खाली उतरतो. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढतात तिथे, तुमची सगळी नोकरी झाली. मशीनखाली घालतात तसले जाड रबराचे तुकडे आणलेत, त्यावर प्लायवूड ठोकलंत, आणि चौरंगासारखा एक बुटका प्लॅटफॉर्म माझ्या खोलीत आला. तुम्ही खाली, मी वर, फोन चालू ठेवून आपण तपासलं. "आता नुसती धुकधुक येते, चालू दे," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही विचारायला लागलात. पाय मिनिटाला किती पडतात? मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारं यंत्र, मिनिटाला १४० ठोक्यांवर, प्रत्येक ठोक्याला चार, म्हणजे ५६०. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "आमचा प्रेस एवढा पळाला असता तर डाय, म्हणजे साचा, फुटला असता."

ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याची गोष्ट तेव्हाच सांगितली मी तुम्हाला. १९६५ साली, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या त्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, दोन बोटं निकामी झालेला गिटारवादक काय वाजवतो ते ऐकवायला. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्याही केल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, खालचा आवाज त्यातूनच आला. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "मशीनला गार्ड नव्हता का?" आणि मग बराच वेळ तुमच्या शिफ्टमधल्या एका माणसाबद्दल बोलत राहिलात. हे संगीत कारखान्यांच्या गावातून आलंय, हे मला वाचून माहीत होतं. तुमच्याशी बोलताना ते कळलं.

तुम्हाला मेटल आवडत नाही. तुम्ही भीमसेनांचे अभंग ऐकणारे, आणि हे तुम्ही कधी लपवलं नाहीत. पण न आवडणारी गोष्ट इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आजीच्या मनातली भीती तर तुम्हीच घालवलीत. मेटल ऐकणारे तर्जनी आणि करंगळी वर करून करतात ती बोटांची शिंगं बघून ती देवाचं नाव घ्यायची. मेटल गायक रॉनी जेम्स डिओने ती खूण आपल्या इटालियन आजीकडून उचलली, ती वाईट नजर लागू नये म्हणून करायची, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते जिन्यात आजीला सांगितलंत. तेव्हापासून परीक्षेला निघताना ती मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि वर शिंगंही करते.

जुलै २०२५ मध्ये ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. घरात कुणाला काही वाटलं नाही. तुम्ही मात्र पेपर घेऊन वर आलात, "तुझ्या त्या टोनीच्या बँडमधला ना?" म्हणून. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

काका, खूप खूप आभार. डिसेंबरात कॉलेजात आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम आहे. काकूंना घेऊन यायचंच. स्पीकरपासून लांब दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात, इअरप्लग मी आणते. बाबांनी सुट्टी टाकली आहे. तुम्हाला न्यायला तेच येतील.

तुमची,
वरच्या मजल्यावरची