सॅन डिएगोहून बाबांना

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गाणं ऐकण्याचं मानसशास्त्र? यावर पोट भरतं का?" मागे काकूंचा आवाज येत होता, म्हणून विषय टाळला. आता लिहिते.

इथल्या विद्यापीठात डायना डॉइच बाईंनी अख्खी कारकीर्द यात काढली. जन्म लंडनचा, शिक्षण ऑक्सफर्डचं, पीएच.डी. मात्र १९७० मध्ये इथेच. १९७३ मध्ये त्यांनी हेडफोनमधून एका कानात एक सूर आणि दुसऱ्या कानात त्याच्याच वरच्या सप्तकातला सूर सोडला, आणि दर पाव सेकंदाला दोघांची अदलाबदल केली. म्हणजे दोन्ही कानांत दोन्ही सूर पडतायत. पण बहुतेक उजव्या हाताच्या माणसांना उजवीकडे फक्त वरचा सूर ऐकू येतो आणि डावीकडे फक्त खालचा, आळीपाळीने. हेडफोन उलटे घातले तरी वरचा उजवीकडेच! डावखुऱ्यांचं मात्र काही खरं नाही. आपला चिनू डावखुरा; सुट्टीत आले की आधी त्यालाच बसवणार.

१९८३ मध्ये बाईंनी या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक काढलं. त्यामुळे आमच्यासारख्यांना छापायला हक्काची जागा झाली.

तुम्हाला आवडेल ते पुढेच आहे. १९८४ चा एक शोधनिबंध आहे, त्यात आपल्या मुंबईचे जमशेद भरुचाही होते. रागाचा तुकडा वाजवायचा, मागून एकच स्वर, आणि विचारायचं, हा कितपत बसतो? सा, प आणि वादी म्हणजे रागातल्या सगळ्यात महत्त्वाच्या स्वराला भारतीयांनी आणि पाश्चात्त्यांनीही वरचे गुण दिले. थाट, म्हणजे रागामागची सात स्वरांची चौकट, मात्र फक्त आपल्या लोकांच्या उत्तरांत दिसला. तुम्ही म्हणाल, यात नवल काय! पण नवल नाही हेसुद्धा मोजून दाखवावं लागतं ना.

आता पोटाचं. प्राध्यापकाच्या जागा मोजक्या आणि अर्जांचा ढीग, हे खरंच आहे. पण कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू न येणाऱ्यांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवतात ते यंत्र) बसवलेल्यांना बोलणं बऱ्यापैकी कळतं, चाल ओळखताना अडतं. त्यावर काम करायला आमच्यासारखे लागतात. मला तिकडेच वळायचंय, आणि सरांनाही ते पटलंय.

भजनी मंडळातल्या कोणाकडून तरी बागेश्री आणि भीमपलासचे आलाप रेकॉर्ड करून पाठवा. पेटी नको, नुसता तानपुरा. आईला म्हणावं, लोणचं पोचलं.

तुमची,
मृणाल