काका, टेप माझ्याच हातात राहू दिलीत त्याबद्दल

आदरणीय काका,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पत्रच लिहू नका असं काही म्हणाला नव्हतात.

रविवारी पोरीची नेमबाजीची पहिली स्पर्धा झाली. साठ शॉट, ६०० पैकी ५२१. पदक वगैरे काही नाही, यादी खालून वाचायला घेतली तर तिचं नाव लवकर सापडतं. पण हे पत्र गुणांसाठी नाही. स्पर्धेआधी साहित्य तपासायचं टेबल असतं ना, तिथं मी उभी होते. तिथल्या माणसानं पिस्तूल वजनकाट्यावर ठेवलं, मापाच्या पेटीत घालून बघितलं, ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवून उभं उचललं, हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचली, वाकून पोरीच्या बुटांकडं बघितलं आणि स्टिकर लावून "चला पुढं" म्हणाला. दोन मिनिटांचं काम. आणि मी तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागले. तो बिचारा घाबरला. पोरगी म्हणाली, "आई, पास झालंय गं, नापास नाही."

मी का रडले ते तुम्हाला कळेल. बाकीच्यांना सांगायला हवं.

पॅरिसमध्ये मनू भाकरनं एअर पिस्तूलचं ब्राँझ घेतलं आणि चारच दिवसांनी, १ ऑगस्ट २०२४ ला, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये घेतलं. त्या आठवड्यात कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडात नेमबाजी होती. तसं इथल्या पोरांना हे नवीन नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं ती लहानपणापासून ऐकतात. राहीनं २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तूलचं सुवर्ण आणलं तेव्हा माझी पोरगी दुसरीत होती आणि दोन बोटांचं पिस्तूल करून घरभर फिरत होती. तेराव्या वर्षी म्हणाली, शिकायचंय. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, जूनमध्ये शाळेचे गणवेश असतात. नवऱ्याची नोकरी आहे पण पगार वेळेवर होईल असं नाही. तरी म्हटलं, जाऊ दे, शिकू दे.

पहिल्याच आठवड्यात एका ठिकाणच्या सरांनी यादी हातात ठेवली. जॅकेट, बूट, नेमबाजीचा चष्मा, बॅग आणि खाली पिस्तूल, दोन लाखांच्या घरात. "आत्ता घेतलं नाही तर मागं पडेल हं," असं पोरीसमोर म्हणाले. माझ्याकडं बघून नाही, पोरीकडं बघून. ते मी अजून विसरलेले नाही. लेकराच्या डोळ्यांत आधी पाणी आणायचं आणि मग आईच्या पर्सकडं बघायचं, हा कसला धंदा?

मग दुकान. दुकानदारानं बूट काढले, उंच, जाड तळाचे, घोट्याच्या वर जाणारे. ११,००० रुपये. भिशी लागली होती, तिच्यातून दिले. जॅकेटही घ्या म्हणत होता, पैसे उरले नव्हते म्हणून वाचले. तीन महिन्यांनी तुम्ही ते बूट हातात घेतलेत, उलटेपालटे केलेत आणि हळूच विचारलंत, "हे कुणी दिलं ओ? हे रायफलवाल्यांचं हाय." पिस्तूलच्या स्पर्धेत घोट्याचं हाड झाकणारा बूट चालतच नाही आणि ते जॅकेटही रायफलचंच, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे ते घालून पोरगी त्या तपासणीच्या टेबलावर गेली असती तर तिथूनच परत आली असती. तुम्ही मला हसला नाहीत. "शाळेचा कॅनव्हास हाय न्हवं? सपाट तळाचा? तोच घाल," एवढंच पोरीला म्हणालात. रविवारी तिच्या पायात तेच होते, पांढरे, पीटीच्या तासाचे.

तरी मी शहाणी झाले नव्हते. नवं परवडत नाही म्हटल्यावर कुणीतरी जुनं पिस्तूल सुचवलं. "नव्यासारखं आहे ताई, पेटीतनं बाहेर काढलेलं नाही." मी पाटल्या मोडायची तयारी केली होती. खरंच. सराफाकडं विचारूनही आले होते. नशीब, तो माणूस पिस्तूल दाखवायला सरावाच्या रेंजवरच आला आणि कोपऱ्यात तुम्ही कुणाच्या तरी रायफलचा स्क्रू पिळत बसला होतात. तुम्ही आमचे सर नव्हतात, कुणाचेच नव्हतात. चष्मा कपाळावर चढवून उठलात, सिलिंडर फिरवलात आणि त्यावर कोरलेलं वाचून दाखवलंत. २०१३. हवेच्या सिलिंडरला बनवल्यापासून दहाच वर्षं, त्यानंतर तो स्पर्धेत घेत नाहीत. वर नवा घ्यायचा तर तो खर्च वेगळा, आणि ते त्या माणसानं आम्हाला सांगितलं नव्हतं. त्याला तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त पिस्तूल परत पेटीत ठेवलंत आणि झाकण लावलंत.

मग मला म्हणालात, "ताई, घाई काय हाय? सहा महिने काय बी घेऊ नका."

काका, त्या तीन महिन्यांत मला 'घेऊ नका' म्हणणारे तुम्ही पहिले.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. तुम्ही विचारलंत, काय करता. म्हटलं, शिवणकाम. तुम्ही लगेच म्हणालात, "मग टेप असंल की पर्समध्ये." होती. तुम्ही जुन्या टार्गेटचा कागद पालथा घातलात, पोरीला त्यावर उजवा पंजा ठेवायला सांगितलात. मला वाटलं आता तुम्ही टेप मागाल. मी पुढं केली तर तुम्ही हात मागं घेतलात. "तुम्हीच घ्या माप. तुमचा हात सरावलेला हाय, माझ्यापेक्षा बरोबर याचं."

अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत. तळव्याची रुंदी. पंजाचा घेर. तुम्ही विचारत गेलात, मी सांगत गेले, तुम्ही पेन्सिलीनं लिहीत गेलात. पंजाभोवती रेघ मारायची वेळ आली तेव्हा पण पेन्सील मलाच दिलीत. माझं म्हणणं तुम्ही लिहून घेत होतात, काका. त्याआधी तीन महिने मी ज्या ज्या ठिकाणी गेले तिथं मला काही कळत नाही असं धरूनच माणसं बोलायची. "तुम्हाला नाही कळणार, मिस्टरांना पाठवा," असं एकानं तोंडावर सांगितलं होतं. आणि इथं मला कळलं की हे तर माझंच काम आहे! वीस वर्षं मी हेच करते. मुंढा लहान झाला की हात वर जात नाही, मोठा झाला की झोळ येतो. पिस्तूलच्या मुठीचं तेच. मूठ मोठी असली की बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, मग पोर ट्रिगर सरळ मागं घेण्याऐवजी बाजूला ओढतं आणि छर्रा भलतीकडं जातो. दुकानदारानं पोरीच्या हातात दिलेल्या पिस्तूलची मूठ मोठ्या माणसाच्या हाताची होती. तो म्हणाला, वाढेल की हात. गिऱ्हाइकाला मी असं म्हणाले असते तर? वाढतील बाई, तोवर ढगळ घाला?

कागदावर तुम्ही खाली लिहिलंत, "मूठ लहान. दोन वर्षांनी मधली." तो कागद शिलाई मशीनसमोर भिंतीला लावलेला आहे.

ते सहा महिने पोरगी रेंजचंच पिस्तूल वापरत राहिली. घरी एक लिटरची पाण्याची बाटली हात लांब करून धरायची, कारण पिस्तूल साधारण तेवढंच वजनाचं. पुढं तुम्ही सांगितलंत तसं कोऱ्या भिंतीकडं रिकामं पिस्तूल धरून नुसता ट्रिगर, टार्गेट नाही, काही नाही. मला सुरुवातीला वाटायचं, ही काय प्रॅक्टिस. मग एकदा मागं उभी राहून बघितलं तर पुढची माशी, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं टोक, अजिबात हलत नव्हती आणि ट्रिगर सुटला होता. सुईत दोरा ओवताना मी श्वास धरते ना, तसं.

डोळ्याचंही तुम्हीच पकडलंत. दोन्ही तळव्यांची खिडकी करून लांबच्या पंख्याकडं बघायला लावलंत, आणि पोरगी उजव्या हाताची पण डावा डोळा जोरदार, हे दोन मिनिटांत कळलं. चष्म्याच्या दुकानात याच्यासाठी किती सांगितले असते देव जाणे. तुम्ही म्हणालात, पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी, तीस मिलिमीटरपेक्षा रुंद नको, डाव्या काचेवर क्लिपनं लावायची. काळी का नको विचारलं तर म्हणालात, एका डोळ्यासमोर अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते. आमच्या घरातल्या एका लग्नपत्रिकेची पट्टी झाली. नवरीचं नाव मागच्या बाजूला आहे.

पिस्तूल मोकळं आहे हे दिसावं म्हणून नळीत घालायची केशरी दोरी विकत मिळते म्हणतात. तुम्ही गवत कापायच्या यंत्राच्या दोरीचा तुकडा दिलात. छर्रे हाताळले की साबणानं हात धुवायचे, ते शिसं असतं, हे मात्र तीन तीन वेळा बजावलंत. छर्रे कुठले, यावर रेंजवर पोरं तासन्‌तास भांडतात. तुम्ही सपाट तोंडाच्या छर्‍यांची एक डबी सांगितलीत, पाचशेची, आणि म्हणालात, "आधी आठच्या गोलाच्या आत येऊ दे, मग डबी बदलू." त्यावरून सगळे हसले, पोरगी पण.

आणि सहा महिन्यांनी, खरं म्हणजे सात, तुमचा फोन आला. इंजिनिअरिंगला गेलेल्या एका पोराचं स्टायर एलपी १० पिस्तूल आहे, मूठ लहान, सिलिंडरची तारीख अजून शिल्लक, नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. किती जणांना फोन केले होतेत ते तुम्ही सांगितलं नाहीत, त्या पोराच्या वडलांनी सांगितलं. पाटल्या हातात आहेत अजून. पिस्तूल आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडचा खडू मागून घेतलात, मुठीला फासलात, पोरीला धरायला लावलंत आणि तळव्यावर जिथं पांढरं दाट उमटलं ते बघत कानशीनं लाकूड थोडं थोडं उतरवलंत. फिटिंग. दुसरं काय म्हणायचं त्याला?

पैसे विचारले तर तुम्ही चहा सांगितलात.

मी कधी कधी विचार करते, चांगला माणूस म्हणजे काय असतो. आमच्या गल्लीतला औषधवाला कधी कधी म्हणतो, "ताई, हीच गोळी दुसऱ्या कंपनीची स्वस्त आहे, ती घ्या." एकदा एसटीच्या कंडक्टरनं मला चुकीच्या गाडीतून वेळेत उतरवलं होतं, स्वतःचं तिकीट बुडवून. मोठं काही नाही, पण आपला फायदा समोर दिसत असताना तो बाजूला सारून दुसऱ्याच्या सोयीचं बोलणं सगळ्यांना जमत नाही. ज्यांना यादी करता येत होती त्यांना जमलं नाही. त्यांना खेळ तुमच्यापेक्षा कमी कळतो असं मी म्हणणार नाही. कळत असेल. पण रायफलचे बूट पिस्तूलच्या पोरीला विकताना त्यांना काहीच वाटलं नाही, एवढं मला कळतं.

पोरगी परवा त्या तुर्की नेमबाजाचा फोटो दाखवत होती, युसुफ डिकेच. पॅरिसला मिश्र दुहेरीत रौप्य, साधा चष्मा, एक हात खिशात, अंगात टी-शर्ट. म्हणाली, बघ आई, याच्याकडं तरी काय आहे? तुम्हाला तिनं तेच सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं होतं. "चष्मा साधा हाय. पिस्तूल मात्र स्पर्धेचंच हाय, आणि मागं कैक वर्षं हायत. खिशात हात सगळेच घालत्यात पोरी." हे असं दोन्हीकडचं खरं सांगणारं कुणी आधी भेटलं असतं तर माझे अकरा हजार वाचले असते. ते बूट अजून घरात आहेत. पावसात मी धुणं वाळत घालायला जाताना घालते, गच्चीवर घसरायला होत नाही.

स्पर्धेहून आल्यावर पोरीनं जेवायच्या आधी भिंतीवरच्या कागदावर पंजा ठेवून बघितला. मधलं बोट रेघेच्या बाहेर गेलंय, करंगळीपण थोडी. मी टेप लावली. बेचक्यापासून पेरापर्यंत पाव इंच वाढलंय. तुम्ही दोन वर्षं म्हणाला होतात, दीडसुद्धा झालं नाही.

शनिवारी संध्याकाळी येतो दोघी. माप कागदावर लिहून आणते. भाकरी आणि खरडा असेल डब्यात, नाही म्हणू नका.

तुमची,
शिवणकामवाली ताई